केनमेअर स्ट्रीट, क्रमांक 40: जॉन डी'अँजेलिको आणि त्याच्या गिटारी

खर्ज

मागे जाझवरच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की जुन्या फोटोंतले ते गिटारवाले एवढं धूड मांडीवर घेऊन का बसलेले असतात. उत्तर लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

त्या धुडाला आर्चटॉप म्हणतात. पोट आणि पाठ दोन्ही फुगीर, व्हायोलिनसारखी कोरून काढलेली. मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना एफच्या आकाराच्या चिरा. तारा घोडीवरून (तारांना आधार देणाऱ्या लाकडी तुकड्यावरून) जाऊन थेट खालच्या टोकाच्या टेलपीसमध्ये अडकतात आणि घोडी सरसाने चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. साध्या गिटारीत तारा घोडीला ओढतात, इथे त्या घोडीला खाली दाबतात. त्यामुळे सूर चटकन उसळतो आणि तितक्याच चटकन विरतो. एकट्याने खोलीत बसून वाजवायला हे फार सुखाचं नाही. पण 1930 च्या आसपासचा नाचाचा बँड डोळ्यांसमोर आणा. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन फुंकणारी माणसं ओळीने बसलेली, शेजारी ड्रम, आणि मायक्रोफोन असलाच तर गायकापुरता. त्या गदारोळात दर मात्रेला गिटारीचा एक 'चक' शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर हाच आवाज लागतो. त्याआधी हे काम बँजोकडे होतं. लॉइड लोअरच्या देखरेखीखाली 1922 च्या सुमारास गिब्सन कंपनीने एल-5 नावाची आर्चटॉप काढली आणि पुढच्या काही वर्षांत बँजो घरी बसला.

आता आपला माणूस. जॉन डी'अँजेलिको, जन्म 1905, न्यूयॉर्कच्या लिटल इटलीतला. नवव्या वर्षी नात्यातल्या एका आजोबांकडे, राफाएल सियानींकडे, कामाला लागला. तिथे व्हायोलिनं, मँडोलिनं आणि सपाट पोटाच्या गिटारी व्हायच्या. म्हणजे शाळेच्या वयात हातात पटाशी. 1932 साली, महामंदी ऐन भरात असताना, त्याने केनमेअर स्ट्रीटवर 40 नंबरला स्वतःचं दुकान टाकलं. सुरुवातीच्या गिटारी म्हणजे एल-5 ची सरळसरळ नक्कल. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, सगळे तेच करत होते. मग मापं वाढत गेली. गिब्सनने 1934 मध्ये सुपर 400 नावाची 18 इंच रुंदीची गिटार आणली होती (किंमत 400 डॉलर, म्हणून तेच नाव). डी'अँजेलिकोची एक्सेल 17 इंची होती, आणि 1936 पासून त्याची 18 इंची 'न्यूयॉर्कर' निघू लागली. खुंट्यांच्या पाटीवर शिंपल्याच्या जडावात उंच इमारत, पायऱ्यापायऱ्यांचा पितळी टेलपीस, जिथे तिथे काळ्या-पांढऱ्या रेघांच्या किनारी. नावाप्रमाणे शहरी नखरा.

माझं मत विचाराल तर या माणसाने नवीन शोध असा जवळजवळ लावलाच नाही. एफ-होल त्याचे नाहीत, कोरलेलं पोट त्याचं नाही. त्याचं मोठेपण दुसरीकडे आहे. गिब्सनचा कारखाना मिशिगनमधल्या कलामाझूला, वाजवणारे बरेचसे न्यूयॉर्कमध्ये. केनमेअर स्ट्रीटवर मात्र वाजवणारा रात्रीचा कार्यक्रम आटोपून दुसऱ्या दिवशी थेट बनवणाऱ्यासमोर येऊन बसायचा. दांडी जाड वाटते, आवाज बँडमध्ये दबतो, मी जोरात मारतो, मी हळू वाजवतो, असली गाऱ्हाणी घेऊन. आणि पुढची गिटार त्या गाऱ्हाण्यावर बेतलेली असायची. म्हणून त्याच्या दोन न्यूयॉर्कर शेजारी ठेवल्या तरी दांडीची गोलाई, पोटाची जाडी, सगळं थोडं थोडं वेगळं. शिंप्याकडे माप देऊन शिवलेला कोट आणि दुकानातला तयार कोट, एवढा हा फरक.

32 वर्षांत त्याच्या वहीत नोंद झालेल्या गिटारी 1164. क्रमांक 1001 पासून सुरू होतो आणि 2164 वर थांबतो. म्हणजे महिन्याला सरासरी तीन. ही वही हा एक वेगळाच ऐवज आहे. क्रमांक, मॉडेल, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, बस्स. वाण्याच्या उधारीच्या वहीपेक्षा जास्त थाट नाही, आणि आज लाखोंचे व्यवहार तिच्या आधाराने ठरतात.

दुकान लहान. व्हिन्सेंट डिसेरिओ, ज्याला सगळे जिमी म्हणत, हा बरीच वर्षं हाताखाली होता. 1952 साली दुसरा जिमी आला, ब्रुकलिनचा सतरा वर्षांचा जिमी डी'अक्विस्टो. त्याला खरं तर जाझ वाजवायचं होतं. झाडलोट, निरोप्याची कामं, मग घासणं, मग पॉलिश, असं करत करत शिकला. 1959 मध्ये डिसेरिओ सोडून गेला, मूळ इमारतही सोडावी लागली आणि दुकान काही काळ बंदच पडलं. धाकट्या जिमीने पाठपुरावा करून ते पुन्हा उघडायला लावलं. डी'अँजेलिकोच्या तब्येतीची तोवर वाट लागली होती. हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. 1 सप्टेंबर 1964 ला, 59 व्या वर्षी तो गेला. अर्धवट राहिलेल्या शेवटच्या दहा गिटारी डी'अक्विस्टोने पुऱ्या केल्या.

डी'अक्विस्टोने आधी गुरूचीच घडण चालवली, मग हळूहळू एकेक गोष्ट टाकून देत गेला. धातूचा टेलपीस गेला, तिथे एबनीचा आला. किनारी गेल्या, जडाव गेला, एफ-होलचा आकार बदलून नुसती वळणदार फट राहिली. मला स्वतःला त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या गिटारी गुरूपेक्षा सुंदर वाटतात. तो 1995 मध्ये कॅलिफोर्नियात गेला. वय पुन्हा 59.

यातल्या बऱ्याच गिटारी आज संग्राहकांच्या तिजोऱ्यांत आहेत. जोरात मारायला बनवलेलं वाद्य काचेआड बघितलं की माझं डोकं फिरतं. असो.

---

एरंडवणेकर

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे.

न्यूयॉर्करच्या पाटीचा फोटो शोधून बघितला. आर्ट डेको (त्या काळची भौमितिक सजावटीची शैली) बघायला मुंबईकराला फार लांब जावं लागत नाही. इरॉस सिनेमागृह 1938 चं, ही गिटार 1936 ची. दोन्हीकडे त्याच पायऱ्या, वर निमुळत्या होत गेलेल्या. त्या दशकात हे खूळ सगळ्या जगाला लागलं होतं.

पुढील लेखनास शुभेच्छा.

---

तिरपागडा

लेख छान, पण हाताने बनवलेलं म्हणजे थोर, हा जो सूर लागलाय त्याला माझा आक्षेप आहे.

जाझ गिटारचा म्हणून जो आवाज लोकांच्या कानात बसलाय तो कुठून आला? गिब्सन ईएस-175 मधून. 1949 ची. कोरलेलं बिरलेलं काही नाही, सरळ मेपलचा प्लायवूड साच्यात दाबलेला. हिची किंमतही नावातच, 175 डॉलर. जो पास तिच्यावर वाजवला, जिम हॉल तिच्यावर वाजवला. कारखान्यातली गिटार! पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा चुंबकी तुकडा) लावला, अँप्लिफायर लावला की कोरलेलं पोट उलट त्रास देतं. ते एवढं मोकळेपणाने थरथरतं की अँप्लिफायरचा आवाज त्यात शिरतो आणि गिटार घुमायला लागते. प्लायवूड गुमान बसतो.

आणि गिटारवाला चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या बँडमध्ये 1939 मध्ये आला तेव्हाच विजेची गिटार जिंकली होती. म्हणजे तुमचा हा कारागीर पुढची पंचवीस वर्षं अशा अडचणीवर उपाय करत होता जी सुटलेली होती. तुमच्या शिंप्याने उत्तम कोट शिवला, पण थंडी संपल्यावर.

---

खर्ज

@तिरपागडा, तुमच्या प्लायवूडच्या मुद्द्याला हरकत नाही. आणखी एक सांगतो, तुम्हाला आवडेल. खुद्द डी'अँजेलिकोनेही प्लायवूडच्या इलेक्ट्रिक गिटारी विकल्या आहेत. खोकी बाहेरून बनवून घ्यायचा, दांडी आपली बसवायचा. त्या या वहीत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्यालाही कळत होतं, फक्त ते स्वतःच्या क्रमांकात मोजायला तो तयार नव्हता. मला हा बारकावा फार आवडतो.

'अडचण सुटली होती' हे मात्र पटत नाही. फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमध्ये 1937 ला आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. पन्नास वर्षं, अँप्लिफायरशिवाय, दर मात्रेला चक. त्याच्याकडे डी'अँजेलिको नव्हती, बॉस्टनच्या एल्मर स्ट्रॉम्बर्गची होती, ते सोडा. ऱ्हिदम वाजवणाऱ्याची गरज वेगळी आणि एकट्याने फिरत फिरत सूर वाजवणाऱ्याची वेगळी. शिवाय जॉनी स्मिथसारखा माणूस, ज्याला कोरलेल्या पोटाचा गोडवा हवा होता आणि विजेचा आवाजही, त्याने पिकअप पोटाला भोक न पाडता दांडीच्या टोकाशी तरंगता लावला. गिब्सनने 1961 मध्ये त्याच्या नावाने जी गिटार काढली ती त्याच्या डी'अँजेलिकोवरूनच बेतलेली. म्हणजे ज्याची नक्कल करून सुरुवात झाली, तीच कंपनी तीस वर्षांनी उलटी नक्कल करायला आली.

---

तिरपागडा

हे शेवटचं वाक्य आधी लेखात टाकायचं ना राव!

---

मंद्रा

खर्ज, फार छान लिहिलंय. मी सतारीच्या बाजूने वाचत होते, त्यामुळे दोन प्रश्न.

एक, घोडी नुसती टेकवलेली असेल तर ती सरकत नाही का? आणि दोन, आपल्याकडे ज्वारी करताना घोडीचा माथा घासून तार त्यावर झणझणायला लावतात. आर्चटॉपमध्ये तसं काही?

जाता जाता एक भर. आर्चटॉपचा आपल्या संगीताशी थेट संबंध आहे. ब्रिजभूषण काब्रांची गिटार गिब्सनची सुपर 400 होती. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर जी गिटार ऐकू येते ती काब्रांचीच. आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा म्हणजे चिकारी (लयीसाठी छेडायच्या तारा) आणि तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा) चढवलेली आर्चटॉपच की. माझा अंदाज असा की एवढ्या तारांचा ताण साध्या गिटारीच्या चिकटवलेल्या घोडीने सोसला नसता, कधीतरी ती पोटासकट उखडून आली असती. टेलपीसवर मात्र कितीही तारा अडकवा.

---

खर्ज

@मंद्रा ताई, काब्रांचं वाचून मजा आली. ज्या सुपर 400 चा जन्म ट्रॉम्बोनवर मात करायला झाला, तिच्यावर मींड!

घोडी सरकते. म्हणूनच जुन्या आर्चटॉपवर सगळ्या तारा एकदम काढत नाहीत, एकेक बदलतात. सगळ्या काढल्या की घोडी हातात येते आणि मग सूर जुळेपर्यंत ती मागेपुढे करत बसावं लागतं. बाराव्या पडद्यावरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) ताडून जागा ठरवतात. ज्वारीचं उलटं आहे. इथे झणझण नकोच असते. घोडीचा माथा चांगला टोकदार ठेवतात, तार एकाच बिंदूवर टेकायला हवी. घोडीच्या पायांचा तळ मात्र पोटाच्या उताराला तंतोतंत बसेल असा घासतात. मधे कागद सरकण्याइतकी फट राहिली तरी आवाज मरतो.

---

सुताराचा नातू

कोरण्याबद्दल लिहितो, कारण हे काम मी जवळून बघितलंय (गिटारीचं नाही, लाकडाचं).

पोटाला स्प्रूस लागतं, पाठीला आणि कडांना मेपल. स्प्रूसचा ओंडका संत्र्याच्या फोडीसारखा उभा फाडून पाचर काढतात, ती मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन जाड कडा मध्ये सरसाने जोडतात. म्हणून जुन्या आर्चटॉपच्या पोटावरचे रेषे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे दिसतात. मग बाहेरून आधी फुगवटा काढायचा, आणि नंतर उलटं करून आतून पोकळ करायचं. शेवटी मधे साधारण 6 मिलिमीटर आणि कडेकडेला 3-4 उरतात. आतल्या बाजूला दोन लांब पट्ट्या जोडतात. समांतर जोडल्या तर आवाज धारदार, फुलीच्या आकारात जोडल्या तर जरा मऊ आणि रेंगाळणारा. डी'अँजेलिकोचा भर मुख्यतः समांतरवर होता असं दिसतं, जे बँडच्या हिशोबाने बरोबरच आहे.

काम शेवटाला येतं तशी खरी कसरत. अंगठ्याच्या पेराने टकटक करायची, वाकवून बघायचं, अजून एक पातळ साल काढायची. छोटा रंधा असतो, बोटभर, पितळी, पोटाला गोलाई असलेला. त्यातून निघणारी साल एवढी पातळ की वाऱ्यावर उडते. एक साल जास्त निघाली की ते परत लावता येत नाही. कारखान्यात यंत्र ठरलेल्या मापाला कोरतं. पण लाकूड प्रत्येक वेळी वेगळं असतं, कुठे दाट, कुठे विरळ. मापाने कोरलं तर पोट कधी जास्त कडक राहणार, कधी पिचणार. हाताने कोरणारा माप सोडून लाकडाचं ऐकतो. यात गूढ काही नाही, पण पहिल्या शंभर पोटांत हे येत नाही.

---

भांडुपचा राजा

अहो पण माझ्या भाच्याने परवाच ऑनलाईन डी'अँजेलिको घेतली. नवी कोरी. 1164 संपल्या म्हणताय ना? फसवला की काय त्याला?

---

खर्ज

@भांडुपचा राजा, फसवलं नाहीये. नाव विकत घेतलेलं आहे. नव्वदच्या दशकात जपानमध्ये या नावाच्या गिटारी व्हायच्या, आताच्या बहुतेक आशियातल्या कारखान्यांत होतात. पाटीवर तीच इमारत, टेलपीसला त्याच पायऱ्या, बाकी प्लायवूडचं शरीर. वाजवायला चांगल्या असतात आणि तिरपागडा साहेबांच्या म्हणण्यानुसार अँप्लिफायरवर तर उत्तमच. भाच्याला सांगा, बिनधास्त वाजव.

---

जर्सीकर

2011 मध्ये मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये या न्यूयॉर्कच्या इटालियन कारागिरांवर मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा गेलो होतो. इटलीतल्या जुन्या व्हायोलिन-मँडोलिनपासून सुरू करून डी'अँजेलिको, डी'अक्विस्टो आणि आता हयात असलेला जॉन माँटेलिओनी असा क्रम लावला होता. जुनी मँडोलिनं आधी बघितली की आर्चटॉप कुठून आली ते आपसूक कळतं. पोटाचा फुगवटा तोच, फक्त आकार चौपट.

तिथे 1957 ची ती प्रसिद्ध 'टिअरड्रॉप' न्यूयॉर्करही होती. पीटर जिरार्डी नावाच्या वादकाला आपली गिटार गर्दीत उठून दिसावी असं वाटत होतं. डी'अँजेलिकोने खालच्या एका बाजूला चक्क टोक काढून दिलं, थेंबाच्या शेपटीसारखं. फोटोत विचित्र दिसते, समोर उभं राहिलं की डोळा हटत नाही. खर्ज म्हणतात ते गिऱ्हाइकाच्या गाऱ्हाण्यावर बेतणं म्हणजे काय, त्याचा हा टोकाचा नमुना (शब्दशः टोकाचा).

मला मात्र लक्षात राहिलंय ते दुसरंच. एका जुन्या गिटारीच्या दांडीवर मागच्या बाजूला, जिथे अंगठा फिरतो तिथलं, पॉलिश पार उडालेलं होतं. पहिल्या पाच-सहा पडद्यांपर्यंत नुसतं लाकूड, त्याच्या वर चकचकीत. म्हणजे ज्याची होती त्याने आयुष्यभर खालच्या पडद्यांवर कॉर्डच (एकदम छेडलेले अनेक सूर) वाजवल्या, वर फिरकलाच नाही. ऱ्हिदमवाला.

---

खर्ज

@जर्सीकर, वा! हे निरीक्षण भारी आहे. वहीत नाव सापडतं, पण तो काय वाजवायचा हे दांडीच सांगते.

---

रसायनी

मागे काचेआड ठेवण्याबद्दल खर्ज चिडले होते. पण या गिटारींचा मोठा शत्रू ना वाजवणं, ना न वाजवणं. किनारी आणि पिकगार्ड (वाजवताना पोटावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) आहेत.

ते सेल्युलॉइड आहे, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो, उरलेलं नायट्रोसेल्युलोज हळूहळू फुटतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. हवेतला ओलावा मिळाला की नायट्रिक आम्ल. आधी किनार तपकिरी होते, मग भेगाळते, मग भुगा. जवळच्या सोनेरी मुलाम्याला हिरवा गंज, तारा काळ्या. पेटी बंद करून ठेवली तर वाफ आतच कोंडते आणि काम आणखी वेगाने बिघडतं. त्यामुळे जपून बंद ठेवलेली गिटार वाजवल्या गेलेल्या गिटारीपेक्षा वाईट अवस्थेत निघू शकते. जुने सिनेमे ज्या नायट्रेट फिल्मवर होते त्यांचंही रसायन हेच. 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा किती फिल्म गेल्या ते इथल्या पुणेकरांना आठवत असेल. गिटार अशी पेट घेत नाही म्हणा, पण कुजण्याची वाट तीच.

डी'अँजेलिकोच्या गिटारीत किनारी भरपूर, त्यामुळे हा रोग त्यांना जास्त. आजारी पिकगार्ड काढून वेगळ्या पाकिटात ठेवायचं आणि गिटारीवर नवं बसवायचं, हा त्यातल्या त्यात शहाणपणा.

---

तिरपागडा

म्हणजे डी'अक्विस्टोने किनारी काढून टाकल्या ते सौंदर्यासाठी असेल नसेल, पण गिटारींची तब्येत वाचली. गुरूपेक्षा शिष्य पुढे गेला म्हणता येईल.

---

मंद्रा

खर्ज, ऐकायला कुठून सुरुवात करू ते सांगा. नावं खूप झाली, आवाज अजून ऐकलाच नाही.

---

खर्ज

@मंद्रा ताई, विजेशिवायच्या आर्चटॉपपासून करा. एडी लँग आणि लॉनी जॉन्सन यांची 1928-29 ची जोडवादनं शोधा. लँग म्हणजे फिलाडेल्फियाचा इटालियन साल्वातोरे मसारो, हातात एल-5. गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एकत्र ध्वनिमुद्रण केलेलं उघड दाखवायची सोय नव्हती, म्हणून तबकडीवर त्याचं नाव 'ब्लाइंड विली डन' असं छापलं. लँग 1933 मध्ये तिशीतच गेला, डी'अँजेलिकोचं दुकान तेव्हा नुकतं सुरू झालेलं.

तिथून काउंट बेसीच्या बँडकडे या. हेडफोन लावा आणि गिटार शोधायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा सापडणार नाही. ड्रम आणि डबल बासच्या मध्ये कुठेतरी असते, आणि एकदा सापडली की बाकीचा बँड तिच्यावर उभा असल्याचं ऐकू येतं. आणि शेवटी जॉनी स्मिथ. त्याच्या कॉर्ड ऐकताना घाई करू नका, एका कॉर्डमधला वरचा सूर तसाच धरून खालचे तीन बदलतो तिथे विशेष लक्ष द्या. सतारवाल्या कानांना ते लगेच कळेल.

---

भांडुपचा राजा

भाच्याला धागा पाठवला. त्याचं म्हणणं, एकेक तार बदलायची हे आधी सांगायला हवं होतं. घोडी आत्ता त्याच्या हातात आहे.